चिकट, चिंगूस, कद्रू... तुमच्याकडे काय म्हणतात?

'कंजूष' मला जरा छापील वाटतो. आमच्या घरात 'चिकट'च निघतो, डोकं फिरलं की 'चिंगूस', आणि माणूस मनानेही कोता असेल तर 'कद्रू'. माझ्या लेखी यांत फरक आहे. चिकट माणूस स्वतःच्या जिवालाही खात नाही. कद्रू स्वतःला सगळं घेतो, दुसऱ्याला द्यायचं म्हटलं की त्याच्या जिवावर येतं. तुमच्याकडे कोणाला काय म्हणतात, आणि तोंडावर की पाठीमागे? किस्से येऊ द्या. जातीवरून, समाजावरून पडलेली नावं मात्र नकोत.

—

आमचे आजोबा काडेपेटीतली एकेक काडी ब्लेडने उभी चिरायचे. मागच्या टोकाकडून हळूहळू पुढे, आणि पातं गुलाच्या बरोब्बर मधोमध यायला हवं, नाहीतर अर्धी काडी बोडकी राहायची. आजी त्यांच्यासमोरच म्हणायची, "हे उष्ट्या हातानं कावळा हाकायचे नाहीत!" (हाताची शितं उडून कावळ्याला मिळाली तर?) आजोबा हसायचे. पण शेजारचं कोणी त्यांना चिकट म्हणालं की हीच आजी पदर खोचून उभी. "काटकसरी आहेत. कुणाचे चार पैसे बुडवलेत का?"

—

आमच्या ग्रुपमध्ये एक 'एअरप्लेन' आहे. हॉटेलात बिल आलं की त्याच्या मोबाइलची रेंज जाते, यूपीआय चालत नाही. एकदा शेजारी बसलेल्याने टेबलाखाली त्याला फोन एअरप्लेन मोडवर टाकताना पाहिलं, तेव्हापासून हे नाव. त्याला माहीत आहे. तरी रेंज जातेच.

—

वर 'कद्रू'बद्दल लिहिलंय त्याला +१.

—

'कवडीचुंबक' अजून कोणी काढला नाही? कवडीचे मुके घेणारा म्हणा, नाहीतर कवडीला लोहचुंबकासारखा चिकटणारा म्हणा, दोन्ही शोभतात. मला मुके घेणारा जास्त आवडतो. गंमत म्हणजे १९५७ साली नवे पैसे आले, कवडी-दमडी तर त्याच्या कितीतरी आधी बाजारातून गेल्या होत्या. तरी 'चमडी जाय पण दमडी न जाय' म्हणताना कोणी अडखळत नाही.

—

'कृपण' राहिला. गीतेत 'कृपणाः फलहेतवः' आहे, तिथे पैशाचा संबंध नाही. फळावर डोळा ठेवून कर्म करणारे ते कृपण, म्हणजे दीन, कीव करावी असे. बोलण्यात कुणी वापरत नाही, पण मला तो सर्वांत नेमका वाटतो.

—

माणसांचं सोडा. आमच्या जुन्या कंपनीने खर्चकपात म्हणून दुपारचा चहा बंद केला, आणि त्याच महिन्यात साहेबांच्या केबिनला नवं फर्निचर आलं. हेडक्लार्क एवढंच बोलले, "दात कोरून पोट भरतंय होय!" पुढे कुठलीही कपात आली की 'दात कोरणं सुरू' एवढ्यावर भागायचं.

—

बायकांनी यावर लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. नवऱ्याने घासाघीस केली की तो व्यवहारी, मी केली की चिकट. सासरी तर तोंडावर 'हिशेबी' म्हणतात, कौतुक केल्यासारखं. आणि लग्नाचा बस्ता बांधायला निघाले की दुकानदाराशी बोलायला मलाच पुढे करतात.