ग्लेंडा जॅक्सनने संसदेत घालवलेली २३ वर्षं: त्याग की नासाडी?

रसिका_ठाणे
दोन रविवार घालवून 'एलिझाबेथ आर' परत पाहिली. पहिल्या एलिझाबेथ राणीवरची बीबीसीची १९७१ची मालिका, सहा भाग, एकेक भाग जवळजवळ दीड तासाचा. राणी झालेली ब्रिटिश नटी ग्लेंडा जॅक्सन तेव्हा जेमतेम ३४ वर्षांची. सुरुवातीला जीव मुठीत धरून बसलेली राजकन्या, शेवटी तोंडाला पांढरा लेप थापलेली, सत्तरीला टेकलेली राणी. कपाळ त्या काळच्या राणीसारखं उंच दिसावं म्हणून तिने पुढचे केस खरोखर काढून टाकले होते. दुसरी कुणी टोपावर भागवलं असतं. आणि ते बोलणं! वाक्यातला शेवटचा शब्द ती दाताखाली धरून तोडते. समोरच्या सरदाराआधी आपणच दचकतो.

अशी बाई १९९२मध्ये, ५५व्या वर्षी, सगळं सोडून मजूर पक्षाची खासदार झाली. २०१५पर्यंत अभिनय बंद. कॉमन्समध्ये, म्हणजे ब्रिटिश संसदेच्या खालच्या सभागृहात, साडेसहाशेच्या आसपास खासदार बसतात, त्यातला एक इकडचा तिकडे झाला तर काय बिघडतं? अशी नटी मात्र पन्नास वर्षांत एखादी होते. लोक याला त्याग म्हणतात. मी नासाडी म्हणते. बोला.

तिरकस
नासाडी झाली ती तुमच्या रविवारांची, ताई. तिचं काय गेलं?
ती बर्कनहेडच्या गवंड्याची मुलगी. नाट्यशिक्षणाला जाण्याआधी दोन वर्षं 'बूट्स' नावाच्या कंपनीच्या औषधाच्या दुकानात नोकरी केलेली. १९७१ आणि १९७४, दोन्ही वेळेला ऑस्कर मिळालं आणि दोन्ही वेळेला बाई समारंभाला गेलीच नाही. त्या बाहुल्या आईकडे होत्या आणि आईने त्या घासून घासून वरचा सोन्याचा मुलामा उडवला. (हे वाचलं तेव्हा मला आमची आजी, देवघरातली समई आणि पितांबरीचा डबा आठवला.) ज्या घरात ऑस्कर हे घासायचं भांडं असतं, तिथल्या बाईने अभिनय सोडला म्हणून आपण कशाला सुतक पाळायचं?

मोरूकाका
किस्सा झकास, पण मुद्दा तिथेच राहिला. हिशोब मांडू या. १९९७ ते ९९ वाहतूक खात्यात कनिष्ठ मंत्री. लंडनच्या २०००च्या महापौरपदासाठी पक्षाची उमेदवारी मागितली, मिळाली नाही. पुढची पंधरा वर्षं मागच्या बाकावर. रंगभूमीवर जिच्याभोवती नाटक फिरायचं तिने तिकडे जाऊन साधलं काय? रसिकाताईंशी सहमत.

किलबर्नकर
काका, मागच्या बाकावरूनच तिने स्वतःच्या पंतप्रधानाला इराक युद्धावरून धारेवर धरलं. मंत्री असती तर गप्प बसावं लागलं असतं.

मी २००७ ते १२ तिच्याच मतदारसंघात भाड्याने राहत होतो. इथे अनेकांना ठाऊक नसतं, पण राष्ट्रकुलातले असल्यामुळे आपल्याला भारतीय पासपोर्टवरही ब्रिटनच्या निवडणुकीत मत देता येतं. २०१०ला तिरंगी लढत झाली आणि ती ४२ मतांनी निवडून आली. बेचाळीस! आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीपदालाही यापेक्षा जास्त फरक पडतो. त्या ४२मधलं एक माझं, हे मी अजून लोकांना सांगतो. अभिनय बघून नव्हतं दिलं. 'एलिझाबेथ आर' मी आजतागायत पाहिलेली नाही.

आणि १० एप्रिल २०१३चं भाषण ऐका. थॅचरबाई गेल्या, सभागृहात श्रद्धांजल्या चालल्या होत्या. ही उठली आणि म्हणाली, मला लहानपणापासून जे दुर्गुण म्हणून शिकवलं ते सगळं थॅचरवादात सद्गुण ठरलं. समोरच्या बाकांवरून गोंगाट, हरकत घेतली गेली, पण अध्यक्षांनी सांगितलं की नियमाबाहेर काहीही झालेलं नाही. शेवटी म्हणाली, पहिली स्त्री पंतप्रधान म्हणता? स्त्री? माझ्या हिशोबात नाही.

रसिका_ठाणे
किलबर्नकर, तुम्ही माझंच काम सोपं केलंत. ते भाषण मी चारदा पाहिलंय. गोंगाटावर आवाज चढवण्याऐवजी ती त्याच्यावर स्वार होते, 'स्त्री' हा शब्द वर उचलून धरते, किंचित थांबते आणि मग खाली टाकते. हे कुठे शिकली? नाट्यदिग्दर्शक पीटर ब्रुकच्या तालमीत. त्याच्या 'मारा/साद' नाटकात शार्लट कॉर्दे झाली होती तेव्हा चाबकाऐवजी स्वतःच्या केसांनी फटके मारायची. तिथली माणसं खासदाराला नाही, नटीला घाबरली.

तिरकस
म्हणजे विद्या वाया गेली नाही, हे तुम्हीच कबूल केलंत.
शिवाय ती राहिली असती तर मिळालं काय असतं? १९६९मध्ये डी. एच. लॉरेन्सच्या कादंबरीवरच्या 'विमेन इन लव्ह' सिनेमात ती गुड्रन. वीस वर्षांनी, १९८९ला, त्याच दिग्दर्शकाने, केन रसेलने, 'द रेनबो' केला, त्यात ती गुड्रनची आई! पन्नाशीनंतर बाईच्या वाट्याला काय येतं ते यातच आलं. आपल्याकडेही नायिकेची वहिनी आणि वहिनीची सासू व्हायला किती वेळ लागतो?

मोरूकाका
अहो, मग नटी जुडी डेंच? हिच्यापेक्षा दीड वर्षाने मोठी. हिने सोडलं त्याच काळात तिकडे 'मिसेस ब्राउन', राणी एलिझाबेथच्याच भूमिकेसाठी ऑस्कर, बाँडची वरिष्ठ. पन्नाशीनंतर भूमिका नसतात ही सबब डेंचबाईंनी मोडीत काढलीय. जागा रिकामी नव्हती म्हणू नका, ही रांगेतून उठून गेली.

तिरकस
एक डेंच म्हणजे नियम नव्हे. पण ठीक, हा फटका बसला.

अनामिक_प्रेक्षक
अवांतर: मालिका कुठे मिळाली?

रसिका_ठाणे
डीव्हीडी. भावाने आणून दिली. उसनी देणार नाही, आधीच सांगते.

कावेरी_ग
उशिरा आले. मी २०१६च्या नोव्हेंबरात लंडनच्या ओल्ड विक नाट्यगृहात तिचा लिअर, शेक्सपिअरचा म्हातारा राजा, पाहिलाय. वय ८०. सगळ्यात वरच्या रांगेत, गुडघे पुढच्या खुर्चीला टेकलेले, तीन तासांहून मोठा प्रयोग. आपण लिअर म्हटलं की मनात आधी नटसम्राट उभा राहतो, त्यामुळे मी दया यायच्या तयारीने गेले होते. दया आली नाही. लहानखुरी, हाडकुळी, पण आवाज वरपर्यंत शब्दन् शब्द येत होता. पुरुषाचं सोंग नव्हतं, बाईपण मिरवणंही नव्हतं. एक हुकूम देण्याची सवय लागलेलं माणूस, ज्याचं आता कुणी ऐकत नाही, इतकंच. मागच्या बाकावर पंधरा वर्षं बसलेल्या माणसाला ते आतून माहीत असणार, असं मला वाटलं. हे माझं वाटणं, पुरावा नाही.

त्यानंतर २०१८ला टोनी हा नाट्यपुरस्कार, २०१९ला ब्रॉडवेवर पुन्हा लिअर, त्याच वर्षी स्मृतिभ्रंश झालेल्या म्हातारीची बीबीसीची फिल्म आणि त्या भूमिकेला बाफ्टा पुरस्कार. शेवटचं काम मायकल केनबरोबर. जून २०२३मध्ये गेली, ८७ वर्षांची. तेवीस वर्षं पडीक ठेवलेल्या जमिनीत असं पीक येतं का? ती पडीक नव्हतीच, एवढंच माझं म्हणणं.

रसिका_ठाणे
कावेरी, तुझा हेवा वाटतो. पण बघ, ३४व्या वर्षी तिने रंग थापून उभी केलेली म्हातारी माझ्याकडे आहे. ऐंशीची खरीखुरी म्हातारी तू पाहिलीस. मधली कुठेय? ५५ ते ७९चा चेहरा, सुरकुती पहिल्यांदा पडते तेव्हाचा, तो मला कुठे मिळणार?

किलबर्नकर
कॉमन्सचं चित्रीकरण आहे की! तासन्तास आहे.

रसिका_ठाणे
पाहिलंय हो. कॅमेरा फार लांब असतो तिथे.