घसा बसला की आवाज?

थायरॉइडच्या ऑपरेशननंतर मावशीचा आवाज पार घोगरा झाला. येईल-जाईल त्याला आम्ही सांगायचो, ‘घसा बसलाय.’ सर्जन म्हणाले, ‘घसा ठणठणीत आहे हो, आवाजाची नस दुखावलीय.’ मग ‘घसा बसणे’ इथे चालेल का? आणि नस म्हणजे शीरच ना?

— चालेल की. म्हणताना ‘घसा’ म्हणतो, बसतो तो आवाजच. गळा बाहेरून दिसतो, त्यात माळ पडते (‘गोड गळा’ मात्र आतला!). घसा खवखवतो, कोरडा पडतो. कंठ दाटून येतो. तरी मावशींसाठी मी ‘आवाज बसला’ म्हणेन, कारण घसा बिचारा निर्दोष आहे.

— खरा घोळ ‘नस’चा. सलाइन लावताना ‘नस सापडत नाही’ ती रक्तवाहिनी; मानेत दबते ती चेता. शाळेच्या पुस्तकातलं ‘चेतातंतू’ घरात कोण म्हणतं? मावशींची नस ही दुसऱ्या जातीची. तिचे तंतू निघतात मेंदूच्या देठातून, मस्तिष्कपुच्छातल्या प्रेरक (स्नायू हलवणाऱ्या) चेतापेशींच्या एका पुंजक्यातून. पुंजक्याच्या कडा धड दिसत नाहीत म्हणून लॅटिनमध्ये त्याचं नावच ‘अँबिग्युअस’, संदिग्ध. पुढचा प्रवास व्हेगस नावाच्या लांबलचक चेतेमधून. व्हेगस म्हणजे भटका, आणि नाव सार्थ आहे. डावी फांदी स्वरयंत्र ओलांडून थेट छातीत उतरते, महाधमनीच्या कमानीखालून वळते आणि थायरॉइडच्या मागून पुन्हा वर येते. उजवी मानेच्या बुडाशीच वळते. स्वरयंत्राचे जवळजवळ सगळे स्नायू या नसेच्या ताब्यात. स्वरतंतू ताणून सूर चढवणाऱ्या स्नायूला तेवढी वेगळी फांदी. दुसऱ्या शतकात गेलन या ग्रीक वैद्याने जिवंत डुकराची ही नस सगळ्यांसमोर कापून दाखवली होती. डुक्कर धडपडत राहिलं, ओरडणं मात्र बंद. क्रूरच प्रकार, पण आवाज कुठून हलतो ते कळलं.

मराठीत काय म्हणावं मग? उलट फिरते म्हणून ‘उलटी नस’?

— नको, लोकांना ओकारी आठवेल. ‘परतीची नस’ म्हणा, परतीच्या पावसासारखी.

आणि पाणी पिताना मावशीला ठसका लागतो, तो?

— बहुतेक त्या नसेचाच प्रताप. गिळताना स्वरतंतू घट्ट मिटतात. एका बाजूचा हलेनासा झाला की फट राहते आणि पाणी श्वासनलिकेकडे वळतं. सर्जनना हे जरूर सांगा.

सांगतो. थोडक्यात, मावशीच्या बोलण्यातला ठसका गेला आणि पाण्याचा आला.