जुना सुपरहीरो काढून नवा आणला: वाचनगटासाठी कोणते अंक, कोणत्या क्रमाने?

फोंडेकर_वाचक

आमच्या फोंड्याच्या वाचनगटात चवथीनंतर लागोपाठ तीन रविवार एकच विषय घ्यायचा ठरलाय: वर्षानुवर्षं चाललेला सुपरहीरो बाजूला करून त्याचाच पोशाख दुसऱ्याला देणं योग्य की अयोग्य. गट आताच दोन तुकड्यांत फुटलाय. पन्नाशीपुढच्यांच्या मते ग्रीन लँटर्न म्हणजे हॅल जॉर्डन आणि फ्लॅश म्हणजे बॅरी अ‍ॅलन, बाकीचे भाडेकरू. कॉलेजातल्या मुलांना मात्र स्पायडरमॅन म्हटलं की माइल्स मोरालेसच आधी आठवतो. दोन्ही बाजू ऐकीव गोष्टींवर भांडतात, मूळ अंक फार थोड्यांनी वाचलेत.

चार-पाच पुस्तकं घेता येतील एवढे पैसे आहेत. दर रविवारी दोन तास मिळतात. सगळ्यात लहान वाचक चौदा वर्षांचा. इंग्रजी सगळ्यांना वाचता येतं, चर्चा मराठी-कोकणीत होईल. नेमके कोणते अंक घ्यावेत? शेवटी मतदान घ्यावं का?

साखळी_चौकट

फोंडेकरबाब, प्रश्न "योग्य की अयोग्य" असा ठेवलात तर तिन्ही रविवार आवडीनिवडीत जातील. त्याऐवजी विचारा: जुन्याला कसं काढलं? नवा कोण आहे यावर भांडण दोन-चार वर्षं चालतं. जुना कसा गेला यावर ते दहा-दहा वर्षं चालतं. हे तपासायला एकाच प्रकाशकाची दोन उदाहरणं शेजारी ठेवा.

पहिलं फ्लॅशचं. बॅरी अ‍ॅलन १९८५ साली 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स'च्या आठव्या अंकात प्रतिद्रव्याची तोफ नष्ट करताना मरतो. मरण सन्मानाचं आहे, आणि वारस आधीपासून घरात आहे: वॉली वेस्ट १९५९ पासून किड फ्लॅश होता. १९८७ च्या नव्या मालिकेत लेखकांनी वॉलीला मुद्दाम कमी ठेवलं. त्याचा वेग आवाजाच्या वेगाच्या आसपासच, आणि धावून झालं की त्याला ढीगभर खावं लागतं. आपण बॅरीएवढे नाही ही बोच त्याच्या स्वतःच्या तोंडून येते, त्यामुळे वाचकाची तक्रार कथेतच मांडली जाते. मग मार्क वेडने १९९३ मध्ये अंक ७४ ते ७९ मध्ये बॅरीला परत आणल्यासारखं केलं. शेवट इथे सांगत नाही, तुम्हीही आधी कुणाला सांगू नका. बॅरी हवा म्हणणाऱ्या वाचकाला लेखक बॅरी देतो, आणि सहा अंकांत तोच वाचक वॉली जिंकावा म्हणून पानं उलटू लागतो. नायकबदलाचं इतकं नेटकं काम मुख्य प्रवाहातल्या कॉमिक्समध्ये फार थोड्या ठिकाणी आहे.

दुसरं ग्रीन लँटर्नचं, म्हणजे अंगठीच्या शक्तीने लढणाऱ्या अंतराळ-रक्षकांच्या दलातल्या नायकाचं. 'सुपरमॅन'च्या ८० व्या अंकात (१९९३) हॅलचं कोस्ट सिटी नष्ट होतं, सत्तर लाखांवर माणसं मरतात. त्यानंतर 'ग्रीन लँटर्न' ४८, ४९ आणि ५०, मुखपृष्ठावर जानेवारी ते मार्च १९९४. १९५९ पासूनचा नायक या तीन अंकांत आपल्याच साथीदारांशी लढून अंगठ्या हिसकावतो, जुना शत्रू सिनेस्ट्रोची मान मोडतो, साथीदार किलोवॉगला मारतो. अंगठ्या देणारं रक्षकमंडळ संपतं, त्यातला एकटा गँथेट उरतो आणि लॉस एंजेलिसच्या एका गल्लीत शेवटची अंगठी काइल रेनरच्या हाती देतो. मुळात या तीन अंकांसाठी वेगळीच कथा जाहीर झाली होती. संपादकांनी ती रद्द करून रॉन मार्झला आणलं. पस्तीस वर्षांचं पात्र तीन अंकांत उलटं फिरवायचं म्हटल्यावर दुःख, संताप, ढळणारी बुद्धी यांना पानंच उरत नाहीत. हॅलच्या चाहत्यांनी 'हीट' नावाची संघटनाच काढली ती यावरून. त्यांचा राग काइलवर कमी आणि हॅलला खुनी केल्यावर जास्त होता.

२००४-०५ मध्ये जेफ जॉन्सने 'रिबर्थ'च्या सहा अंकांत हॅलला परत आणलं. पॅरॅलॅक्स हा भीतीचा पिवळा जीव अंगठ्यांना शक्ती देणाऱ्या मुख्य दिव्यात कोंडलेला होता आणि त्यानेच हॅलला झपाटलं, असा खुलासा केला. अंगठी पिवळ्या रंगावर का चालत नव्हती आणि हॅलचे कानशिलाजवळचे केस पांढरे का झाले, दोन्हींचं उत्तर त्यात बसवलं. कारागिरी पक्की आहे. पण काढताना तीन अंकांत केलेली घाई निस्तरायला दहा वर्षं आणि सहा अंक लागले, हे गटासमोर ठेवा.

हिरवी_अंगठी

साखळीबाब, हॅलचं तुमचं बरोबर, पण काइलला तुम्ही फार लवकर बाजूला केलंत. तीच मालिका ५१ पासून १८१ पर्यंत, म्हणजे २००४ पर्यंत, मुख्यतः त्याच्या खांद्यावर चालली. वाचकांनी नाकारलेला नायक दहा वर्षं मालिका ओढत नाही. आणि तो का चालला याला कारणं आहेत. त्याच्या अंगठीला पिवळ्याचं वावडं नव्हतं, म्हणजे कथेतला सर्वांत जुना आणि कंटाळवाणा अडसर गेला. तो व्यवसायाने चित्रकार, त्यामुळे अंगठीतून निघणाऱ्या आकृत्याच बदलल्या. हॅलच्या हातमोजे-हातोड्यांच्या जागी चिलखती यंत्रमानव आणि राक्षस आले. चौकट बघूनच अंगठी कुणाच्या बोटात आहे हे कळतं. मुलांना एक हॅलचं पान आणि एक काइलचं पान नावं झाकून दाखवा, चर्चा आपोआप सुरू होईल.

काइलच्या मालिकेतली खरी चूक अंक ५४ मध्ये आहे. नव्या नायकाला वजन यावं म्हणून त्याच्या मैत्रिणीला, अलेक्झांड्राला, मारून फ्रिजमध्ये कोंबलं. १९९९ साली गेल सिमोनने अशा बळी दिलेल्या स्त्री-पात्रांची यादी केली, तिला नाव या प्रसंगावरूनच मिळालं. चौदा वर्षांच्या मुलाच्या हाती तो अंक थेट देऊ नका, आधी पालकांशी बोला.

आणि ज्येष्ठांना एक आठवण करून द्या: बॅरी स्वतःच बदली आहे. पहिला फ्लॅश १९४० चा जे गॅरिक, बॅरी आला १९५६ मध्ये. हॅलच्याही आधी अ‍ॅलन स्कॉट होता. मग तेव्हा भांडण का झालं नाही? 'फ्लॅश कॉमिक्स' १९४९ मध्येच बंद पडलं होतं, त्यामुळे बॅरीने चालू मालिकेतून कुणाला उठवलं नाही. पुढे १९६१ मध्ये अंक १२३ मध्ये जे आणि बॅरी भेटले, आणि जे दुसऱ्या पृथ्वीवर सुखरूप आहे असं ठरलं.

माइल्सचंही तसंच. २०११ मध्ये मेला तो 'अल्टिमेट' या वेगळ्या समांतर विश्वातला पीटर पार्कर, म्हणजे तिथला पहिला स्पायडरमॅन. मुख्य मालिकेतला पीटर जागेवरच होता. २०१५ नंतर माइल्स मुख्य विश्वात आला तेव्हा दोन स्पायडरमॅन झाले, कुणाचा पोशाख गेला नाही. शिवाय त्याला अदृश्य होणं आणि विषारी झटका या वेगळ्या शक्ती दिल्या, म्हणून तो पीटरची नक्कल वाटत नाही. म्हणजे साखळीबाबांचा नियम इथेही लागू पडतो, फक्त "काढलाच नाही" अशा रीतीने.

पणजी_शेल्फ

खरेदीचं बघू. बावीस पानांचा एक अंक नीट वाचायला पंधरा ते वीस मिनिटं लागतात. दोन तासांत सहा अंक वाचून वर चर्चा होत नाही. पुस्तकं आधी घरी फिरवा, रविवारी फक्त ठरावीक पानं उघडा.

पहिल्या रविवारी 'द रिटर्न ऑफ बॅरी अ‍ॅलन', यात नेमके ७४ ते ७९ आहेत. दुसऱ्या रविवारी 'ग्रीन लँटर्न: काइल रेनर' खंड १, तो अंक ४८ पासूनच सुरू होतो, आणि सोबत 'रिबर्थ'. 'रिबर्थ' आधी वाचू देऊ नका. पॅरॅलॅक्सचा खुलासा डोक्यात घेऊन ४८ वाचला तर वाचक हॅलला माफ करूनच बसतो आणि १९९४ च्या वाचकाला काय लागलं ते कळत नाही. तिसऱ्या रविवारी माइल्सचं 'अल्टिमेट कलेक्शन' पुस्तक १.

पैसे उरले तर 'द डेथ ऑफ कॅप्टन अमेरिका'चा पूर्ण संग्रह, अंक २५ ते ४२. स्टीव्ह रॉजर्स, म्हणजे मूळ कॅप्टन, २५ व्या अंकात मरतो (२००७) आणि त्याचा जुना साथीदार बकी ढाल हाती घेऊन कॅप्टन म्हणून उभा राहतो तो ३४ व्या अंकात (२००८). मधल्या अंकांत कॅप्टनच नाही. एड ब्रुबेकरने ती रिकामी जागा मुद्दाम ठेवली. जुन्याचा शोक करायला वाचकाला महिने मिळाले, म्हणून बकीला विरोध लवकर निवळला. हॅलच्या बाबतीत त्याच पन्नासाव्या अंकात काइल उभा आहे. हा फरक गटाने स्वतः शोधावा, तुम्ही सांगू नका.

मागवताना मालिकेचं वर्ष लिहाच. नुसता 'कॅप्टन अमेरिका २५' मागितलात तर २००५ च्या मालिकेतला स्टीव्हचा मृत्यू येईल किंवा २०१२ च्या मालिकेतला, सॅम विल्सनला ढाल मिळते तो. दोन्ही नायकबदलाचेच अंक, पण माणसं वेगळी. ग्रीन लँटर्नसाठी १९९० ची मालिका, फ्लॅशसाठी १९८७ ची.

मतदानाबद्दल: १९८८ मध्ये 'बॅटमॅन'च्या ४२७ व्या अंकानंतर बॅटमॅनचा साथीदार, दुसरा रॉबिन जेसन टॉड जगावा की मरावा यावर प्रकाशकाने फोनवर मतं मागवली. दोन क्रमांक, प्रत्येक फोनला ५० सेंट. मरावा ५,३४३, जगावा ५,२७१. फरक ७२ मतांचा, आणि एकच माणूस हवे तितके फोन करू शकत होता. शिवाय जेसन मुळात बदली रॉबिन. १९८३ मध्ये तो पहिल्या रॉबिनसारखाच सर्कशीतला मुलगा म्हणून आला आणि १९८७ मध्ये त्याचा पूर्वेतिहास पुसून रस्त्यावरचा चाकं चोरणारा मुलगा केला. लोक नक्की कोणत्या जेसनविरुद्ध मत देत होते हे त्या आकड्यांतून कळतच नाही.

म्हणून तुम्ही कागदाच्या चिठ्ठ्या घ्या, माणशी एक, वाचनाआधी एकदा आणि तिसऱ्या रविवारी पुन्हा. प्रश्न तोच ठेवा: "जुन्याला परत आणायला हवं होतं का?" प्रत्येक नायकाला वेगळी चिठ्ठी. किती जण जिंकले यापेक्षा किती जणांचं मत बदललं ते मोजा.

सप्टेंबरात हवा दमटच असते. गुळगुळीत कागदाची पुस्तकं घरोघर फिरणार असतील तर पॉलिप्रॉपिलीनच्या पिशवीत द्या, आत सिलिकाची पुडी ठेवा. पीव्हीसीची पिशवी नको, ती शाईला चिकटते. पुस्तक भिजलं तर पूर्ण वाळायची वाट बघू नका. ओलं असतानाच पानं हलक्या हाताने सुटी करून मध्ये मेणकागद घाला. हा कागद एकमेकांना चिकटून वाळला की नंतर सुटत नाही, चित्रच उखडतं.

पेडणे_इंद्रजाल

ज्येष्ठ मंडळी इंद्रजाल कॉमिक्सवर वाढलेली असणार, मार्च १९६४ ते १९९०. मग वेताळ विसरू नका. १५३६ मधली कवटीवरची शपथ, बापाकडून मुलाकडे जाणारा मुखवटा, आणि आपण वाचतो तो एकविसावा. बदल हाच कथेचा पाया आणि तरी कुणी रागावत नाही.

साखळी_चौकट

पेडणेकरबाब, वेताळ जरूर आणा, पण पुरावा म्हणून जपून वापरा. ली फॉकने १९३६ मध्ये सुरू केला तेव्हापासून नायक एकविसावाच आहे. आधीचे वीस वाचकाने दर आठवड्याला वाचलेले नाहीत, ते पूर्वकथेत गेले. १९७७ मध्ये त्याचं लग्न झालं, पुढे किट आणि हेलॉइज ही जुळी झाली, म्हणजे वारसही तयार आहे. गटाला विचारा: उद्या एकविसावा खरोखर गेला आणि किट गुहेतल्या सिंहासनावर बसला, तर ज्येष्ठांना चालेल का? हॅलवर अडलेल्या माणसाला हा प्रश्न स्वतःच्या लहानपणापर्यंत घेऊन जातो.

फोंडेकर_वाचक

देव बरें करूं सगळ्यांचं. चारही पुस्तकं याच क्रमाने मागवतो, इंद्रजालचे जुने अंक एका सभासदाकडे आहेत. एकच विचारायचं राहिलं: मुलं 'सुपीरियर स्पायडरमॅन' घ्या म्हणतायत. पीटरच्या शरीरात त्याचा शत्रू डॉक्टर ऑक्टोपस. घेऊ का?

हिरवी_अंगठी

या तीन रविवारांत नको. 'अमेझिंग स्पायडरमॅन' ७०० (डिसेंबर २०१२) नंतर पीटर गेला म्हणून फार आरडाओरड झाली, लेखक डॅन स्लॉटला धमक्याही आल्या. पण ३१ अंकांनंतर, एप्रिल २०१४ पर्यंत, पीटर परत. शरीर तेच, नाव तेच, जगाच्या लेखी स्पायडरमॅन बदललाच नाही. ती एक लांब कथा आहे आणि उत्तम आहे, पण तुमच्या चिठ्ठीवरचा प्रश्न तिला लागू होत नाही. मुलांना हवीच असेल तर 'सुपीरियर'च्या पहिल्या अंकापासून स्वतंत्र वाचू दे. ७०० वा अंक सुरुवातीला देऊ नका, त्याच्या आधीचे दोन, ६९८ आणि ६९९, वाचल्याशिवाय शरीरांची अदलाबदल कधी झाली तेच लक्षात येत नाही.