मदत हवी आहे : द्राक्षबागेतील पोर्ट्रेटसाठी स्कूटरवर मावेल असा फ्लॅशचा संच

नमस्कार मंडळी,

दिंडोरी आणि पिंपळगाव बसवंत परिसरातील द्राक्ष बागायतदार कुटुंबांची पोर्ट्रेट काढण्याचे काम मी येत्या हंगामात हाती घेणार आहे, आणि त्यासाठी कोणता फ्लॅश व त्याच्या जोडीला काय काय घ्यावे, हे ठरवताना काही प्रश्नांवर अडलो आहे. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर बागा पानांनी भरतात आणि जानेवारीपासून माल उतरू लागतो; आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे बागेत एकत्र सापडण्याचा काळ नेमका तोच. अडचण अशी की त्या दिवसांत खुडणी आणि पॅकिंगच्या गडबडीतून या मंडळींना थोडी उसंत मिळते ती दुपारी जेवणाच्या सुमारास, त्यामुळे 'सकाळी लवकर किंवा मावळतीला काढा' हा एरवी अगदी योग्य असलेला सल्ला येथे कामाचा नाही. भर दुपारच्या उन्हातच काम करायचे आहे, असे गृहीत धरावे.

माझ्याकडे निकॉन डी७२०० असून ५० मिमी आणि ८५ मिमी अशा दोन एफ/१.८ लेन्स आहेत. फ्लॅश म्हणून कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश वगळता काहीच नाही. नाशिकहून बागेपर्यंतचा प्रवास स्कूटरवर होणार आहे. पुढे पाय ठेवण्याच्या जागेत एक पिशवी, डिकीत थोडे सामान आणि मागे बसलेल्या धाकट्या भावाच्या पाठीवर एक सॅक, एवढ्यात सर्व काही बसायला हवे. ₹४०,००० पर्यंत खर्च करण्याची तयारी आहे.

खरेदीपूर्वी थोडे गणित मांडून पाहिले; ते बरोबर आहे का, हे जाणकारांनी तपासावे. माझ्या कॅमेऱ्याची फ्लॅशशी जुळणारी (सिंकची) कमाल शटर गती १/२५० सेकंद आहे. आयएसओ १०० या संवेदनशीलतेवर भर उन्हात या गतीला लेन्सचे सुमारे एफ/१० हे छिद्र येते (एफचा आकडा जितका मोठा, तितके छिद्र लहान). साध्या मोठ्या स्पीडलाइटचा (कॅमेऱ्यावर बसणाऱ्या सुट्या फ्लॅशचा) गाइड नंबर (ताकदीचा आकडा; त्याला मीटरमधील अंतराने भागले की एफ आकडा मिळतो) खोक्यावर ६० लिहिलेला असतो, परंतु तो २०० मिमी झूमवरचा असतो. ३५ मिमीच्या पसरट प्रकाशाला तो ३६ च्या आसपास उतरतो. म्हणजे माणसापासून दीड मीटरवर पूर्ण ताकदीने उघडा फ्लॅश मारला तर एफ/२४ मिळेल, आणि समोर छत्री किंवा सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारी कापडी पेटी) लावून दोन ते अडीच स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट) गमावले की उरेल एफ/१० ते एफ/१२. याचा अर्थ एका माणसाच्या चित्रालाही स्पीडलाइटला प्रत्येक वेळी शंभर टक्के ताकद लावावी लागेल. आजी-आजोबा दोघांना एकत्र घ्यायचे म्हणून दिवा अडीच मीटरवर सरकवला, तर आणखी दीड स्टॉप जाऊन उजेड एफ/६ पर्यंत घसरेल. म्हणून दोन स्पीडलाइट एकत्र लावावेत की २०० वॉट-सेकंदांचा (हे फ्लॅशच्या ताकदीचे माप) एकच फ्लॅश घ्यावा, हा माझा पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. माझा कल याच ताकदीच्या गोडॉक्स एडी२०० कडे आहे, कारण संख्येपेक्षा ताकद महत्त्वाची वाटते. परंतु स्पीडलाइट दोन असले तर एक बंद पडल्यावर दुसरा हाताशी राहतो, हेही मन मानते.

दुसरा प्रश्न मागची बाग धूसर करण्याविषयीचा आहे. एफ/१० वर मागचे प्रत्येक पान आणि तार स्पष्ट दिसेल. एफ/३.५ वर यायचे तर एक मार्ग हाय स्पीड सिंकचा (१/२५० हून वेगवान शटरलाही फ्लॅश जुळवण्याचा) आहे आणि दुसरा तीन स्टॉप उजेड कापणाऱ्या काचेचा, म्हणजे एनडी८ फिल्टरचा. या दोहोंपैकी फ्लॅशची ताकद कशात कमी खर्च होते?

तिसरा प्रश्न कदाचित नाशिककरांनाच नीट कळेल. मांडव पद्धतीच्या बागेत तारांची उंची माणूस जेमतेम ताठ उभा राहील इतकीच असते, त्यामुळे दिवा डोक्याच्या वर नेण्यास जागाच नसते. शिवाय वरून येणारा उजेड पानांतून गाळून आलेला असल्याने चेहऱ्यावर हिरवट छटा येते, आणि मधूनच उन्हाचे कवडसे कपाळावर पडतात. घडांना स्टँडचा किंवा छत्रीचा धक्का लागणे हा तर वेगळाच धोका आहे. मण्यांवरची पांढुरकी झाक एकदा पुसली गेली की माल डोळ्याला शिळा दिसतो, आणि निर्यातीसाठी राखलेल्या बागेत कोणी पाहुणा छत्री उघडून शिरला तर मालकाच्या कपाळाला आठी पडणारच. अशा जागी लहान पण मऊ उजेड देणारे कोणते साधन वापरावे?

स्टँड, ट्रिगर (फ्लॅश दुरून पेटवणारे यंत्र) आणि बॅटरीबद्दलही काही सुचवायचे असल्यास अवश्य लिहावे.

प्रतिसाद १

आपले गणित बरोबर आहे, आणि त्याच गणितातून पहिल्या प्रश्नाचे उत्तर निघते. बहुतेक मोठे स्पीडलाइट ६० ते ८० वॉट-सेकंदांच्या आसपासचे असतात, म्हणून २०० वॉट-सेकंदांचा दिवा त्यांच्यापेक्षा सुमारे दीड स्टॉप पुढे असतो. दोन स्पीडलाइट जोडले तर फक्त एक स्टॉप वाढतो, आणि त्यासाठी दुहेरी ब्रॅकेट, आठ पेन्सिल सेल आणि दोन ठिकाणी ताकद जुळवण्याची कटकट पदरी पडते. अडीच मीटरवर आपला स्पीडलाइट जेथे एफ/६ ला अडकतो, तेथे एडी२०० एफ/१० देईल; आणि दीड मीटरवर हाच दिवा एक-तृतीयांश ताकदीवर चालेल, त्यामुळे दोन चित्रांमध्ये थांबावे लागणार नाही. लहान मुलांचे भाव टिपायचे असतील तर हा वेग ताकदीइतकाच मोलाचा ठरतो. एका बॅटरीवर पूर्ण ताकदीचे सुमारे ५०० फ्लॅश मिळतात असे कंपनी सांगते. एका दुपारच्या कामाला एवढे पुरावेत. बॅटरी लिथियमची असल्याने उन्हात उभ्या केलेल्या स्कूटरच्या डिकीत मात्र ती ठेवू नये.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. सूर्य पाठीमागे किंवा बाजूला ठेवून माणूस उभा केला, तर चेहऱ्यावरचा फ्लॅश उन्हाच्या बरोबरीचा करण्याची गरज नाही. उन्हापेक्षा एक स्टॉप कमी ठेवला तरच चेहरा त्या जागेतला वाटतो. बरोबरीला आणलेला फ्लॅश लग्नाच्या अल्बमसारखा चकचकीत दिसतो, आणि आपल्या विषयाला ते शोभणार नाही असे माझे मत आहे. या एका स्टॉपमुळे आपल्या दिव्यावरचा भार निम्म्यावर येईल.

हाय स्पीड सिंक आणि एनडी यांबाबत : सिंकच्या कमाल गतीच्या पुढे गेल्यावर शटरचे दोन पडदे संवेदकासमोरून एक अरुंद फट सरकवतात, आणि फट सरकेपर्यंत उजेड टिकावा म्हणून फ्लॅशला एका झटक्याऐवजी अनेक बारीक स्पंदने द्यावी लागतात. फटीबाहेर पडलेला उजेड वाया जातो. परिणामी तुलनेने सुमारे दोन स्टॉपचा तोटा होतो. एनडी फिल्टर ऊन आणि फ्लॅश दोहोंना सारखेच कापतो, त्यामुळे त्यांचे प्रमाण बदलत नाही. १/२५० आणि एफ/३.५ वर एनडी८ लावला तर फ्लॅशला एफ/१० इतकेच काम करावे लागते, ना कमी ना जास्त. व्ह्यूफाइंडर थोडा काळोखा होतो, पण भर उन्हात तीन स्टॉपचा अंधार डी७२०० च्या फोकसला जड जाऊ नये. आपल्या लेन्स जी मालिकेतील असतील तर ८५ मिमीचा फिल्टर व्यास ६७ मिमी आणि ५० मिमीचा ५८ मिमी आहे. एकच ६७ चा फिल्टर आणि ५८ ते ६७ ची रिंग घ्यावी. अगदी स्वस्त एनडीमुळे रंगाची झाक येते, म्हणून येथे दोन पैसे जास्त गेले तरी चालतील. ट्रिगर गोडॉक्सचा एक्सप्रो घेतला तर त्याची निकॉनसाठीची आवृत्ती आहे ना, हे खोक्यावर पाहूनच पैसे द्यावेत. त्यामुळे हाय स्पीड सिंकही हाताशी राहील. ढगाळ दिवशी, ताकद उरलेली असताना, ते सोयीचे पडते.

प्रतिसाद २

मांडवाबद्दल लिहितो, कारण मी स्वतः अशा बागांत काम केले आहे.

तेथे स्टँड नेऊच नये. भाऊ सोबत येणारच आहे, तर त्याच्या हातात रंगारी भिंती रंगवण्यासाठी वापरतात तसा लांब-आखूड होणारा दांडा द्यावा आणि त्याच्या टोकाला फ्लॅश व ६० सेंटिमीटरचा घडी होणारा सॉफ्टबॉक्स बसवावा. दांडा हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. टोकाला स्टँडचा पितळी स्पिगॉट (फ्लॅश अडकवण्याची खुंटी) बसवून घेणे एवढेच काम उरते. भाऊ घड पाहून दिवा वाकवेल, आणि वारा आला तर तो स्वतःच वाळूची पिशवी ठरेल. छत्री गंगापूर धरणाच्या काठावर किंवा उघड्या शेतात जोडलेल्या शिडासारखी वागते; तिच्यावर माझा विश्वास नाही. मांडवाखाली उंची मिळत नसेल तर माणसाला पाटीवर किंवा उलट्या क्रेटवर बसवावे, म्हणजे दिवा आपोआप डोळ्यांच्या वर येतो.

हिरव्या छटेचे दोन उपाय आहेत. मांडवाखाली उजेड मुळातच कमी असल्याने नैसर्गिक उजेड दोन स्टॉपने दाबावा आणि चेहरा फ्लॅशनेच उजळावा. तेवढ्याने चेहऱ्यावरचा हिरवेपणा बहुतांशी धुतला जातो आणि दिवाही अगदी थोड्या ताकदीवर चालतो. मात्र यात पार्श्वभूमी हिरवट राहते. ती राहणे आवडत नसेल तर फ्लॅशवर पाव किंवा अर्धा प्लस ग्रीन जेल (फिकट हिरवा पारदर्शक पडदा) लावून दोन्ही उजेडांचा रंग सारखा करावा, आणि ग्रे कार्डवर (करड्या रंगाच्या पुठ्ठ्यावर) व्हाइट बॅलन्स घ्यावा, म्हणजे कॅमेऱ्याचे रंग जुळवून घ्यावेत. मला स्वतःला पहिला उपाय पसंत आहे, कारण बाग हिरवी दिसण्यात गैर काहीच नाही. कवडशांवर मात्र फ्लॅशचा उपाय नाही. पाच-इन-वन रिफ्लेक्टरचा आतला पांढरा अर्धपारदर्शक पडदा भावाने नाही, तर घरातील दुसऱ्या कोणीतरी, चित्रातल्या माणसाच्या डोक्यावर, तारांच्या खाली धरावा. तो दुमडून चक्तीएवढा होतो आणि सॅकमध्ये मावतो.

स्टँड फक्त बांधावरच्या आणि ओट्यावरच्या चित्रांसाठी घ्यावा, आणि तोही पाय उलटे वर दुमडले जाणारा. बंद केल्यावर तो अर्ध्या मीटरच्या आसपास येतो आणि स्कूटरच्या पुढच्या पिशवीत आडवा राहतो.

धागाकर्ता

दोन्ही प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. एडी२००, ट्रिगर, ६० सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स व त्याचे ब्रॅकेट, दांडा, एनडी८ आणि रिफ्लेक्टर अशी यादी केली आहे. दुसऱ्या स्पीडलाइटचा विचार सोडला. पैसे उरले तर त्यांत एक जादा बॅटरी घेईन. ओट्यावर संध्याकाळी काही चित्रे मिळाली तर सोबत पाव आणि अर्धा सीटीओ (केशरी) जेलही असावेत असे वाटते, म्हणजे फ्लॅशचा पांढरा उजेड मावळतीच्या उन्हाशी जुळेल.

एकच शंका राहिली. या दिव्यासोबत स्पीडलाइटसारखे चपटे हेड आणि उघड्या बल्बचे हेड अशी दोन्ही येतात. सॉफ्टबॉक्समध्ये कोणते लावावे, आणि खडबडीत रस्त्यावरून नेताना बल्बचे काय करावे?

प्रतिसाद २

सॉफ्टबॉक्समध्ये उघड्या बल्बचेच लावावे. त्याचा उजेड सर्व दिशांना जातो, म्हणून कापडाच्या कडाही उजळतात. चपटे हेड मधोमध गरम ठिपका ठेवते. प्रवासात हेड दिव्याच्या अंगावरून काढून वेगळ्या डबीत, कापूस किंवा फोम घालून ठेवावे, आणि काचेला बोटे लागू देऊ नयेत. चपटे हेड दिव्याला लावलेले असू द्यावे. बागेत पोहोचल्यावर बदलायला काही क्षण पुरतात, आणि बल्ब फुटलाच तर त्या दिवशी काम चपट्या हेडवर निभावते.