अस्वल लक्षात राहतं, पण कोणाचं?

पट्टीचा_प्रेक्षक: 2026 च्या सुपर बोलमधली, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या फायनलमधली, पेप्सीची ॲड बघितली का? डोळ्यांवर पट्टी बांधून पांढरं अस्वल चव ओळखायला बसतं, पेप्सी झिरो शुगर निवडतं आणि पट्टी काढल्यावर हादरतंच, थेट थेरपिस्टकडे. हसलो मी, नाही असं नाही. पण कोकने हे अस्वल 1993 पासून टीव्हीवर पोसलं आणि ते शेजाऱ्याच्या दारात जाऊन बसलं, मग एवढा पैसा ओतून हाती काय राहिलं? 2024 लाच 30 सेकंदांचे 70 लाख डॉलर पडत होते, ॲनिमेशनचा खर्च वेगळा. सांगण्यासारखं काही नसलं की आणा एखादं गोंडस जनावर.

तिसरा_पंच: उलटं बघतोयस. पेप्सीने स्वतःचं जनावर का नाही आणलं? कारण पांढरं अस्वल दिसलं की कोक आठवतं हे त्यांनाही माहीत आहे, अख्खा जोक त्याच्यावरच उभा आहे. ही तीस वर्षांची पुण्याई. आणि अस्वल म्हातारं होत नाही, मानधन वाढवून मागत नाही, कुठल्या लफड्यात सापडत नाही.

पट्टीचा_प्रेक्षक: पुण्याई कोकची, व्याज पेप्सीला :)

हाफटाइम: 2012 ची आठवते का कोणाला? कोकची दोन अस्वलं, एकाच्या गळ्यात जायंट्स टीमचा रंग, दुसऱ्याच्या समोरच्या पेट्रियट्सचा, आणि मॅचमध्ये जे होईल त्यावर ती त्याच वेळी रिॲक्ट व्हायची. आधी बनवून ठेवलेली फिल्म नाही, लाइव्ह. तिथे अस्वलाला काहीतरी काम होतं. आता नुसतं येतं, गोड दिसतं, जातं.

झोपमोड: सगळे गोड गोड बोलताय म्हणून विचारते, बडवायझर बिअरच्या ॲडमधले बेडूक विसरलात का? 1995, रात्रीची दलदल, एक म्हणतो बड, दुसरा वाइस, तिसरा अर, आणि मागे बारची निऑन पाटी. पुढच्याच वर्षी अमेरिकेत 9 ते 11 वर्षांच्या मुलांची पाहणी झाली, तर नाश्त्याच्या कॉर्नफ्लेक्सवाल्या टोनी वाघाच्या वाक्यापेक्षा बेडकांचं वाक्य जास्त मुलांना पाठ. बिअरचं! मॅच घरातले सगळे मिळून बघतात ना?

तिसरा_पंच: ते बेडूक ॲनिमेटेड नव्हते पण, यंत्रावर हलणाऱ्या बाहुल्या होत्या.

झोपमोड: रबराचे असोत नाहीतर कम्प्युटरचे, नऊ वर्षांच्या पोराला काय त्याचं?

तिसरा_पंच: बरं, बिअरचं मान्य. पण मग गीको या विमा कंपनीच्या ॲडमधल्या पालीलाही हाकलायचं का? विम्याची पॉलिसी कुठलं पोर घेतंय.

पट्टीचा_प्रेक्षक: पालीला माझ्याकडून माफी. कंपनीचं नाव लोक गेको म्हणायचे आणि गेको म्हणजे पाल, म्हणून ती आली, 1999 पासून नावासाठीच राबतेय. अस्वलाचा आणि कोल्ड्रिंकचा संबंध मात्र अजून कोणी सांगितला नाही. थंडी सोडून सांगा.