शेजारच्या अफगाण शीख कुटुंबाचा आश्रयाचा दुसरा अर्जही नाकारला. अपील नाही, मग काय?

नांदेडची_पोर: लंडनच्या साउथॉलला आमच्या खालच्या मजल्यावर जलालाबादचं शीख कुटुंब राहतं. मी नांदेडची आहे हे कळल्यापासून त्यांच्या आजी मला 'हजूर साहिबवाली' म्हणतात आणि सरकारी पत्र आलं की पिशवी घेऊन जिना चढतात. पहिला अर्ज आणि अपील दोन्ही फेटाळले गेले, कारण हे अफगाण आहेत हेच न्यायाधीशांना पटलं नाही. यंदा आजोबांचा तझकिरा, म्हणजे तिकडचा ओळखीचा दाखला, दिल्लीच्या टिळकनगरातल्या भाचीकडे सापडला. घडीवर फाटलेला, पण फोटो शाबूत. तो जोडून पुन्हा अर्ज केला. परवा उत्तर आलं: हे 'नवं प्रकरण' धरता येत नाही, अपिलाचा हक्क नाही. ओळखीचे एक गृहस्थ म्हणतात, कोर्टबिर्ट सोडा, पैसे द्या, तिसरा अर्ज टाकतो. काय करू?

जुना_कारकून: पैसे देऊ नका. पत्रावरची तारीख बघा आधी. अपील नसलं तरी अप्पर ट्रायब्युनलमध्ये (वरचं न्यायाधिकरण) ज्युडिशियल रिव्ह्यू, म्हणजे निर्णय कायद्याला धरून झाला का याची तपासणी, मागता येतो, तोही विनाविलंब, फार तर ३ महिन्यांत. (३ महिने निवांत बसायला दिलेले नाहीत.) कायदेशीर मदत निधीतून काम करणारा नोंदणीकृत वकील शोधा.

'नवं प्रकरण' कशाला म्हणायचं हे ब्रिटनच्या इमिग्रेशन नियम ३५३मध्ये आहे. तो दोनच गोष्टी विचारतो: मजकूर आधी तपासलेला नाही ना, आणि जुन्या कागदांसकट पाहता यशाची वास्तव शक्यता आहे का. गृहखात्याच्या अधिकाऱ्याला स्वतःला पटलं का, एवढ्यावर हे संपत नाही. एखाद्या न्यायाधीशाला पटू शकेल का, हा प्रश्न. काँगोच्या माणसाच्या २००६च्या खटल्यात अपील कोर्टानं हेच सांगितलंय. तुमच्या पत्रात काय लिहिलंय?

नांदेडची_पोर: 'पूर्वी विश्वासार्हता नाकारली असल्याने या दाखल्यालाही वजन देता येत नाही.' एवढंच.

जुना_कारकून: मग बोट इथेच ठेवा. जुना निकाल ही सुरुवात, कुंपण नव्हे. २०१५च्या अफगाण शिखांवरच्या मार्गदर्शक निकालाचाही उल्लेख नसेल तर वकिलाला दाखवा. गुरुद्वारा गाठता येतो का, पोरांची शाळा, पैशाची ऐपत, घरात पुरुषमाणूस आहे का, हे प्रत्येक कुटुंबापुरतं पाहा, असं तो सांगतो. आणि तो निकाल तालिबान परतायच्या आधीचा आहे. पण आजींना भलती आशा लावू नका. जिंकलात तरी आश्रय लगेच मिळत नाही. निर्णय रद्द होतो आणि फाइल परत त्याच टेबलावर जाते.

दुभाषी_हाउन्स्लो: दाखला कुणी, कुठून, कसा पाठवला? भाचीचं सहीचं निवेदन घ्या. पाकिटावर दिल्लीचा शिक्का आहे, हे भारतीयच असं वाटेल, या भीतीनं ते लपवू नका. टिळकनगरात अफगाण शीख पुष्कळ आहेत, तेच तिनं लिहावं. पाकीट फेकलं नाही ना?

नांदेडची_पोर: आत्ता खाली जाऊन आले. आजींनी त्यात नातवाच्या शाळेचे फोटो भरून ठेवलेत. तिकीट आणि शिक्का जागेवर आहे. पत्रावर तारीख मात्र १९ दिवसांपूर्वीची निघाली. उद्या सकाळी वकील.