मोसंबीतली अळी कोल्ड स्टोरेजमध्ये मरते का?

अंबडचा बागवाला:
रामराम मंडळी. अडीच एकर न्यूसेलर वाणाची मोसंबी आहे, आंबिया बहार तोडणीला आलाय. परवा झाडाखालची दहा फळं चिरली, चारात पांढऱ्या अळ्या वळवळायल्या होत्या. व्यापाऱ्यानं तिथंच भाव पाडला.

गावातले म्हणायलेत, कोल्ड स्टोरेजला टाक, थंडीनं अळी मरते. पण गेल्या साली मी चाळीस कॅरेट बारा दिवस ठेवले होते. खोलीत दुसऱ्यांचा भाजीपाला, दार दिवसभर उघडझाप, तापमानाचा काटा दहा-अकराच्या खाली जाईना. माल घरी आणला, चौथ्या दिवशी डागाभोवती सड, आत अळी जिवंत. भाडं गेलं, मालही गेला. त्या रात्री जेवण गेलं नाही. मग खरं काय?

पाचोडकर:
भाऊ, ही फळमाशीची अळी. थंडीनं मरते, पण ती थंडी वेगळी. मी निर्यातीच्या पॅकहाउसात नऊ वर्षं तापमानाच्या नोंदी ठेवल्यात. भूमध्य फळमाशीसाठी गोड संत्र्याचं (स्वीट ऑरेंज, आपला नागपुरी संत्रा नव्हे) आंतरराष्ट्रीय मानक आहे: २ अंश किंवा त्याखाली १६ ते १८ दिवस, नाहीतर ३ अंशांवर २० दिवस. सलग. मोसंबी त्याच जातीची, पण आपल्याकडची माशी वेगळी, त्यामुळे हे आकडे तसेच्या तसे धरू नका.

आणि हे तापमान हवेचं नव्हे, गाभ्याचं. फळात सुई खुपसून मोजतात. गाभा थंड झाल्यावर पहिला दिवस धरतात. मधे तापमान चढलं की आधीचे दिवस धरत नाहीत. दहा-अकरा अंशांवर अळीची वाढ मंदावते, ती मरत नाही. बाहेर ऊब मिळाली की परत चालू.

शिवाय माशीचा डंख लागलेलं फळ अळी मेली तरी सडतंच. म्हणून भाडं भरण्याआधी बागेत बघा. पडलेली फळं रोज वेचून खोल पुरा, नाहीतर अळी मातीत कोष करते आणि नवी माशी उठते. मिथाइल युजेनॉलचे (नर माशीला ओढणारं औषध) सापळे फळ रंगायच्या आधी लावा. त्यात नर अडकतात, माद्यांना जोडीदार मिळत नाही.

अंबाजोगाईची केसरवाली:
दादा, हे वाचून आंब्याला असं करू नका कुणी. मी एकदा केसर फ्रीजमध्ये ठेवला, साल काळपटली, चव गेली. १२-१३ अंशांखाली आंब्याला थंडी बाधते. त्याच्यासाठी उलटं, गरम पाणी: ४८ अंशांवर ६० मिनिटं. २०१४ मध्ये युरोपनं आपला आंबा फळमाशीपायीच थांबवला होता, तेव्हापासून आमच्याकडं हे सगळ्यांना ठाऊक झालं.

अंबडचा बागवाला:
ताई, पाचोडकर भाऊ, उपकार झाले. म्हणजे गेल्या साली मी अळीला झोपवायचे पैसे भरले. उद्या सकाळी पोरांना घेऊन खालची फळं वेचतो. पुरायला खड्डा किती खोल लागतो, दोन फूट पुरे का?

पाचोडकर:
पुरेत. वर माती घट्ट दाबा.